बक्षीस नव्हे, मोबदला!

निळा प्रकाश देणाऱ्या दिव्याच्या ज्या पेटंटावरून पुढे जपानी न्यायालयात खटला गाजला, त्याबद्दल शुजी नाकामुरा या अभियंत्याला निचिया कंपनीने २०,००० येन दिले. तेही बक्षीस म्हणून! अर्जाच्या वेळी निम्मे, पेटंट मिळाल्यावर निम्मे.

लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीच निघाले होते. निळ्यावाचून पांढरा प्रकाश अशक्य होता. १९७९ मध्ये निचियात नोकरीस लागलेल्या नाकामुरा यांनी, बहुतेक संशोधक झिंक सेलेनाइडच्या मागे असताना, गॅलियम नायट्राइडची कास धरली. त्याचे निर्दोष थर जमावेत म्हणून यंत्राची मोडतोड आणि जोडणी स्वतःच्या हातांनी केली, वरून दुसरा वायुप्रवाह सोडून पहिला दाबून धरला. १९९३ मध्ये प्रखर निळा दिवा जाहीर झाला. नागोया विद्यापीठातील आकासाकी व आमानो यांनी आधी घातलेला पाया त्याखाली होता, हेही विसरता कामा नये.

जोखीम भांडवलाची होती, असे मालकांचे वकील म्हणतात. संस्थापक नोबुओ ओगावा यांनी प्रयोगास पैसा पुरविला, हे मान्यच आहे. पण त्यांच्यानंतरच्या व्यवस्थापनाने काम थांबविण्याचा हुकूम दिला होता, असे नाकामुरा सांगतात. मग तो हुकूम मोडून काम चालू ठेवण्याची जोखीम कोणाची? ती ताळेबंदात कोठे मांडली आहे?

जपानच्या कायद्याप्रमाणे तेव्हा शोधाचा मूळ हक्क नोकराचा होता; कंपनीने तो घेतला तर 'वाजवी मोबदला' देणे बंधनकारक होते. २००४ च्या जानेवारीत टोकियो जिल्हा न्यायालयाने नाकामुरा यांचा वाटा निम्मा धरला. तो ६,०४० कोटी येन भरला. त्यांची मागणी २,००० कोटींची असल्याने तेवढे देण्याचा निकाल झाला. उद्योगपतींत हलकल्लोळ माजला. वर्ष सरण्यापूर्वीच उच्च न्यायालयाने तडजोड सुचविली. तिच्यात सर्व शोध मिळून नोकराचा वाटा ५ टक्क्यांवर आला. २००५ च्या जानेवारीत व्याजासह सुमारे ८४ कोटी येनांवर प्रकरण मिटले. मधल्या वर्षभरात दिव्यात काहीच बदल झाला नव्हता.

नाकामुरा यांनी २००० मध्येच कॅलिफोर्नियातील विद्यापीठाची वाट धरली होती. जपान सोडून अमेरिकेत जावे, हा त्यांनी तरुणांना दिलेला सल्ला मात्र पटण्याजोगा नाही. तिथल्या कंपन्यांतही नोकरीच्या करारपत्रावरच भावी शोधांचे हक्क सहसा लिहून घेतले जातात. शिवाय परदेशी प्राध्यापकपद गाठीशी असलेला माणूस मालकाविरुद्ध वर्षानुवर्षे लढू शकतो. प्रयोगशाळेत त्याच्या शेजारी उभा राहून महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याने कोणाच्या बळावर लढावे? त्याला संघटनेखेरीज आधार नाही.

२०१४ मध्ये नाकामुरा, आकासाकी आणि आमानो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी जपानी संसदेने पेटंट कायदा बदलला. कंपनीने नियमांत आधी तसे लिहून ठेवले असेल, तर शोधाचा हक्क आता जन्मतःच तिचा. नोकराला 'वाजवी लाभ' मिळेल, आणि तो पैशातच असला पाहिजे असेही नाही.