दहावा क्रमांक म्हणजे अपयश नव्हे

संपादक महोदय,

धावपटू ललिता बाबर ‘रिओत फक्त दहाव्या आल्या’ हे आपल्या लेखातील विधान अर्धवट आहे. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमधल्या ३,००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनी अंतिम फेरी गाठली. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक धावण्याच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणे भारतीय महिलेला १९८४ च्या पी. टी. उषांनंतर प्रथमच जमले. तो विक्रम २०२३ पर्यंत टिकला.

‘एका शर्यतीची चमक’ म्हणणेही चूक. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य, २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत सुवर्ण आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवा क्रमांक, हे लेखातून गळलेच कसे? शिवाय ही शर्यत सोपी नाही: स्टीपलचेस म्हणजे ३,००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. पहिल्याच उडीत बूट भिजतात, उरलेले अंतर त्याच ओल्या बुटांनी कापायचे.

‘दुष्काळाने घडवलेला चमत्कार’ हे तर मुळीच पटत नाही. दुष्काळ कोणाला धावायला शिकवत नाही. त्यामागे त्यांची मेहनत होती, प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह होते.

आणि त्यांचे मोही गाव लेखात म्हटल्याप्रमाणे सांगली जिल्ह्यात नाही, साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे. दुरुस्ती छापावी.

एक वाचक, दहिवडी