समतोल ॲम्प्लिफायर आणि कानाची साक्ष

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत 'बॅलन्स्ड' हा शब्द अलीकडे वारंवार येऊं लागला आहे. त्याचा संबंध आहाराशीं नाहीं कीं जमाखर्चाशीं नाहीं. मोबाइल व हेडफोन यांच्यामध्यें बसणारा, खिशांत मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा जो लहानसा ॲम्प्लिफायर असतो, त्याच्या एका विशिष्ट जातीचें तें विशेषण आहे. हा लावतांच संगीताचें दालन रुंदावतें, वाद्यें एकमेकांपासून सुटीं होतात, गायकाच्या आवाजामागची शांतता अधिक गडद होते, अशीं वर्णनें ह्या यंत्रांचे परीक्षक मोठ्या उत्साहानें लिहितात, आणि आमचे विद्यार्थी तीं तितक्याच उत्साहानें पाठ करितात. पाठ करण्यास माझी हरकत नाहीं. परंतु त्या वर्णनांवर विसंबून कित्येक हजार रुपये खर्च व्हावयाचे असतात, व ते बहुधा वडिलांचे असतात. ह्या स्तुतीचा मोठा भाग यंत्राच्या गुणांचा नसून केवळ आवाजाच्या मोठेपणाचा आहे, असें माझें मत आहे, व तें येथें सकारण मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम ह्या शब्दाविषयींच थोडेसें. साध्या हेडफोनच्या प्लगावर तीन जोड असतात: एक डाव्या कानाचा, एक उजव्याचा, आणि तिसरा दोहोंच्या परतीच्या सामाईक वाटेचा. हा प्लग मूळचा टेलिफोनच्या स्विचबोर्डावरचा. तेथें तो पाव इंची होता, पुढें आकसून साडेतीन मिलिमीटरचा झाला. बॅलन्स्ड रचनेंत प्रत्येक कानास स्वतःच्या दोन तारा मिळतात, आणि त्या दोन तारांस दोन ॲम्प्लिफायर उलट दिशांनीं चालवितात. मोठा आरा दोन टोकांस धरून दोन सुतार ओढतात, त्यांतील एक ओढतो तेव्हां दुसरा ढकलतो, तसाच हा प्रकार आहे. रचना चांगलीच आहे. 'समतोल' हा शब्द मात्र मोठा लबाड आहे. तराजू समतोल असावा, बुद्धि समतोल असावी, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. तेव्हां जें समतोल नाहीं तें कोठेंतरी झुकलेलें असलें पाहिजे, असा ग्रह कान लावण्यापूर्वींच होऊन बसतो. ह्या रचनेस कोणीं 'चौतारी' असें साधें नांव दिलें असतें, तर निम्मी स्तुति आपोआप गळून पडली असती.

दुसरा एक भ्रम मायक्रोफोनच्या अनुभवावरून आलेला आहे. व्यासपीठावरील मायक्रोफोनपासून दूरच्या यंत्रापर्यंत कित्येक मीटर तार जाते, तींतून जाणारा संदेश अत्यंत क्षीण असतो, आणि वाटेंत विजेच्या इतर तारांची गुणगुण तींत शिरते. दोन तारांत उलटसुलट संदेश पाठवून पलीकडच्या टोकास त्यांची वजाबाकी केली, म्हणजे दोहोंत सारखी शिरलेली गुणगुण नाहींशी होते. ही युक्ति खरी आहे व फार जुनी आहे. परंतु हेडफोनची तार मीटर दीड मीटर लांब, तींतील संदेश त्या मानानें कितीतरी जोरकस. तेथें घालविण्याजोगी गुणगुण मुळांत शिरतच नाहीं म्हटलें तरी चालेल. तेव्हां 'पार्श्वभूमि काळी झाली' असें जे सांगतात, त्यांनीं ती तारेमुळें झाली असें तरी सांगूं नये.

ह्या यंत्रांचा इतिहास लहानसाच आहे. अमेरिकेंतील हेडरूम ह्या कंपनीनें चालू शतकाच्या आरंभीं हेडफोनसाठीं बॅलन्स्ड ॲम्प्लिफायर विकावयास काढला. तो मेजावर ठेवावयाचा होता. खिशांतील यंत्रांत हा प्रकार रुळला तो विशेषतः २०१४ पासून. त्या वर्षीं ॲस्टेल अँड कर्न ह्या कोरियन नांवाच्या एके२४० यंत्रांत अडीच मिलिमीटरचा चार जोडांचा प्लग आला; त्याच वर्षीं सोनीच्या पीएचए-३ मध्यें साडेतीन मिलिमीटरचे दोन प्लग शेजारीं शेजारीं लावावे लागत. पुढें जपानी उद्योगसंघानें २०१५ सालीं ४.४ मिलिमीटरचा पांच जोडांचा प्लग प्रमाण म्हणून ठरविला, व २०१६ सालीं सोनीनें तो आपल्या वॉकमनमध्यें घेतला. गंमत अशी कीं, त्याच २०१६ सालीं ॲपलनें आयफोन ७ मधून साधी हेडफोनची खोबण अजिबात काढून टाकली. एकीकडे दार बुजविलें गेलें, आणि दुसरीकडे अधिक रुंद दार विकावयास आलें!

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. दोन ॲम्प्लिफायर उलट दिशांनीं चालले, म्हणजे हेडफोनला मिळणारा दाब दुप्पट होतो. क्यूडेलिक्स-५के ह्या काड्यापेटीएवढ्या यंत्राचेंच उदाहरण घ्या: साध्या खोबणींतून तें जास्तींत जास्त २ व्होल्ट देतें, बॅलन्स्डमधून ४ व्होल्ट. दुप्पट दाब म्हणजे ६ डेसिबल अधिक. म्हणून आवाजाचा आंकडा तसाच ठेवून जो श्रोता एका खोबणींतून दुसरींत प्लग घालतो, त्यास बहुधा दुसरें गाणें ऐकूं येत नाहीं; तेंच गाणें मोठ्यानें ऐकूं येतें. आणि मोठ्यानें ऐकलेलें गाणें कानास केवळ मोठें भासत नाहीं, तें निराळें भासतें. फ्लेचर व मन्सन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज हलका असतां मनुष्याचा कान खर्जाचे स्वर फार कमी ऐकतो, आणि आवाज वाढला कीं ते स्वर इतरांपेक्षां अधिक वेगानें वर येतात. तबल्याचा बायां भरदार झाला, तंबोऱ्याची आंस लांबली, हें सर्व कानास खरोखरच जाणवतें. साक्षीदार खोटें बोलत नसतो. मात्र घटनेचें कारण त्यास ठाऊक नसतें, आणि तें आपण त्यालाच विचारतों.

ह्याची परीक्षा कोणासही घेतां येईल. प्रयोगशाळेंतील साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठीं बनविलेला असतो. तेव्हां ५० हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून दोन्ही खोबणींवर एकाच कानाच्या दोन जोडांमधील दाब मोजावा, आणि तो शक्य तितका सारखा करून घ्यावा. मग दुसऱ्या कोणीं, आपणांस न सांगतां, यंत्रें बदलावीं. बदल लवकर व्हावा, कारण स्वराच्या बारीक छटांची स्मृति फार अल्पजीवी असते. मीं हा प्रयोग ३२ ओहमच्या साध्या हेडफोनवर करून पाहिला, तेव्हां कोणती खोबण चालू आहे हें मला एकदांही खात्रीनें सांगतां आलें नाहीं. कानांत घालावयाच्या, अनेक चालकांच्या एका इअरफोनवर मात्र वरच्या स्वरांत किंचित् फरक वाटला. त्याचेंही कारण आहे: दोन ॲम्प्लिफायर जोडल्यानें त्यांचा अंतर्गत अवरोध दुप्पट होतो, आणि ज्या इअरफोनचा स्वतःचा अवरोध स्वरागणिक बदलतो, त्याचा रंग त्यामुळें थोडा पालटतो. हा पालट म्हणजे सुधारणा, असें कशावरून?

आणखी एक परीक्षा मला विशेष प्रिय आहे. केसरबाई केरकरांच्या किंवा बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका एकमार्गी आहेत. दोन्ही कानांत तोच आवाज जातो. बॅलन्स्डचा जो एक निर्विवाद तात्त्विक लाभ, म्हणजे परतीची वाट वेगळी झाल्यानें डाव्याचा आवाज उजव्यांत न झिरपणें, त्यास येथें अर्थच उरत नाहीं. तरीही ज्यास केसरबाईंची तान बॅलन्स्ड खोबणींतून 'रुंद' वाटते, त्यानें प्रथम आवाजाचा आंकडा पाहावा.

दोन मार्गांच्या मुद्रणांतही हा लाभ फारसा मोठा नाहीं. पुष्कळ हेडफोनांत चार तारा प्लगपर्यंत वेगळ्याच येतात, आणि सामाईक वाट उरते ती प्लगच्या एका जोडापुरती.

मग शक्तीचें काय? ती खरी आहे. पण कोणास हवी? सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन चालविण्यास कठीण म्हणून नांवाजलेला आहे, तरी १ व्होल्टवर तो १०३ डेसिबल देतो. संगीताची सरासरी पातळी शिखरापेक्षां १८ डेसिबल खालीं धरली, तरी ती ८५ होते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्यसंस्थेनें १९९८ सालीं घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसास ८ तास अशी आहे, व पुढें दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे एकच व्होल्ट आपणांस मर्यादेच्या उंबरठ्यावर नेऊन सोडतो. ४ व्होल्ट पुरे वापरले, तर सरासरी ९७ वर जाते व वेळ उरतो अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेचें मुलांसाठींचें प्रमाण तर ह्याहून कडक आहे: आठवड्यास ४० तास ऐकावयाचें असेल तर ७५ डेसिबलच. कानाच्या शंखांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं मनुष्यांत त्या पुनः उगवत नाहींत. नव्या केबलनें तर नाहींतच. एकच बाजू दिसूं नये म्हणून सांगतों कीं, हायफायमॅनच्या एचई-६ सारखे कांहीं हेडफोन एका मिलिवॅटवर ८३.५ डेसिबलच देतात. त्यांस अधिक दाब खरोखर लागतो, आणि ज्याच्याजवळ ते आहेत त्यानें बॅलन्स्ड यंत्र अवश्य घ्यावें. पण अर्ध्या किलोचा, सर्व बाजूंनीं उघडा हेडफोन डोक्यावर चढवून एस्टींत बसलेला विद्यार्थी अद्याप माझ्या पाहण्यांत नाहीं.

दोन ॲम्प्लिफायरांच्या जागीं चार चालवावयाचे, म्हणजे बॅटरीही लवकर संपते. हें यंत्राच्या खोक्यावर बारीक अक्षरांत सांपडतें.

मला स्वतःला ह्या सर्व प्रकारांत आवडला तो ४.४ मिलिमीटरचा प्लग. अडीच मिलिमीटरचा प्लग काडीसारखा, जरा वांकला कीं खोबणींत मोडून राहणारा; हा जाड, दणकट, खिशांतही न डगमगणारा आहे. ज्यांनीं तो आधींच घेतला आहे त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, बॅलन्स्ड तारेचा हेडफोन योग्य जोडणी लावून साध्या खोबणींत खुशाल घालावा, त्यानें कांहीं बिघडत नाहीं. उलट मात्र करूं नये. बॅलन्स्ड खोबणींत जोडणी घालून तीवर तीन जोडांचा साधा हेडफोन लावला, तर दोन ॲम्प्लिफायरांचीं जिवंत टोकें एकमेकांस चिकटतात, आणि यंत्र जळण्याचा संभव असतो. बाजारांत अशा जोडण्या राजरोस विकल्या जातात, आणि त्यांवर ही सूचना क्वचितच छापलेली असते.