‘मत्ते’ची वंशावळ

धनमदानें मनुष्यास मत्त करते ती ‘मत्ता’, अशी फोड करून दाखविणारे शुद्धिवादी आपल्याकडे थोडे नाहींत. श्लेष चटकदार, बोध उत्तम, आणि व्युत्पत्ति साफ चुकीची! ‘माल’ आणि ‘मता’ हे दोन्ही शब्द अरबी. फारसींत ते ‘मालोमता’ म्हणून जोडीनें नांदत होते, व जोडीनेंच आपल्या घरांत आले. अरबी ‘जम्अ’चें आपण ‘जमा’ केलें. त्याच रीतीनें ‘मता’च्या शेवटचा कंठ्य वर्ण गळाला, ‘त’ दुणावला, आणि आकारान्त स्त्रीलिंगी ‘मत्ता’ संस्कृत कुलकन्येसारखी मिरवूं लागली. ‘दौलत’ म्हणतांच ज्यांच्या कपाळाला आठी पडते, तेच ‘मालमत्ता कर’ लिहून आपण शुद्ध मराठी लिहिलें असें समाधान मानतात, ही यांतली गंमत.

आणि ‘दौलत’ तरी एवढी त्याज्य कां? तिच्या अरबी धातूंत फिरण्याचा, पाळी पालटण्याचा अर्थ आहे. अब्बासी घराण्याची सत्तेची पाळी आली तेव्हां शब्द राजघराण्याला चिकटला, मग राज्याला, आणि शेवटीं धनाला. आपल्या जुन्या कागदपत्रांतली ‘दौलत’ पुष्कळदां राज्यच असते. शिवकालांत राज्यव्यवहारकोश रचून फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तें काम मोठें, यांत वाद नाहीं. परंतु पुढें पेशवे दप्तरांत पाहावें तों ‘जमा’ आणि ‘दौलत’ जागच्या जागीं आहेत!

दूर मंगोल आणि मंचू या दोन्ही भाषांत श्रीमंताला ‘बायान’ म्हणतात. तुर्की ‘बाय’ हा त्याचाच सोयरा. कोणी कोणाकडून घेतला यावर पंडित भांडतात. म्हणून मंगोलांनीं आपल्या बायानखोंगोर प्रांताचें नांव पुसलें नाहीं.

इतक्या लांब जाणें नको असेल त्यांनीं आगरदांड्यास यावें. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं उभा असलेला जंजिरा म्हणजे अरबी ‘जझीरा’, बेट. आणि गांवाच्या नांवांतलें ‘आगर’ म्हणजे संस्कृत ‘आकर’, खाण. ही खाण सोन्यारुप्याची नव्हे. मिठाची आणि नारळीपोफळींची. त्या आगराचा धनी नारळ विकून आलेले पैसे वहींत ‘जमा’ म्हणून मांडतो. शुद्धिवाद्यांनीं आधीं तेवढा एक शब्द त्याच्याकडून खोडून घेऊन दाखवावा.