गर्भवती होण्याआधीची स्त्री

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश वैद्यक-संशोधक मुंबईत आली, ती गरीब गरोदर स्त्रियांना, विशेषतः कापडगिरण्यांतील कामकरी स्त्रियांना, ग्रासणाऱ्या तीव्र पांडुरोगाचे कारण शोधण्यासाठी. हाफकिन संस्थेत काम करताना तिची खात्री पटली की या रोगाचे मूळ निकृष्ट आहारात आहे. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्काने सूचित केलेल्या जीवनसत्त्वाला पुढे १९४१ मध्ये फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले.

या जीवनसत्त्वाच्या उणिवेचा घाव मातेच्या रक्तापुरता थांबत नाही. गर्भातील ज्या नलिकेतून मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती पाठीकडे उघडी राहिली तर पाय लुळे पडण्यासारखे व्यंग मुलाला जन्मभर वागवावे लागते. डोक्याकडे उघडी राहिली तर मूल जगत नाही. असे मूल पूर्वी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास पुनरावृत्तीचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने १९९१ साली सिद्ध केले.

आता आपल्याकडील हिशेब पाहू. पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन जेमतेम दोन आठवडे होतात, तोच ही मुदत संपते. दवाखान्यात नाव नोंदवले जाईपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून औषध आधीच पोटात हवे: रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे आठवड्याला २८००. जागतिक आरोग्य संघटनेने साप्ताहिक गोळीसाठी हेच प्रमाण सुचविले आहे. २०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' योजनेने प्रजननक्षम वयातील स्त्रीसाठी नेमलेल्या साप्ताहिक गोळीत मात्र ते ५०० इतकेच होते. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने रोज वेगळी गोळी घ्यावी, असा सल्लाही योजनेने दिला. पण मूल केव्हा व्हावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्या समाजात किती स्त्रियांच्या हाती आहे?

दोष केवळ गोळीचा नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्त्रीला स्वतंत्र पोषणाचा हक्क दिला तो ती गर्भवती वा स्तनदा असेल तेव्हापुरता. एरवी तिच्या वाट्याला कुटुंबाच्या शिधापत्रिकेवरचे धान्य. आणि फॉलिक ॲसिडचा साठा तर डाळी व पालेभाज्यांत. सर्वांचे जेवण झाल्यावर जेवणाऱ्या बाईच्या ताटात त्या किती उरतात, हे सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही.

तेव्हा साप्ताहिक गोळीचे प्रमाण वाढवावे आणि कायद्याने शिध्यात डाळ द्यावी, या दोन मागण्या स्त्री-संघटनांनी व कामगार-संघटनांनी एकत्र येऊन लावून धरल्या पाहिजेत. स्त्रीचे पोट भरण्यासाठी त्यात मूल असण्याची अट घालणारे शासन मुलाचेही हित साधत नाही.