मोठ्या चाकांची जबाबदारी

महाड आणि पोलादपूर ही गावे सावित्री नदीच्या खोऱ्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत वसलेली आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे टँकर व मालाने भरलेले ट्रक सतत ये-जा करतात. पोलादपूरहून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढतो, तर महामार्ग कशेडीचा डोंगर मागे टाकून खेडकडे जातो. अशा रस्त्यावर पंधरा-वीस किलोंची सायकल आणि वीस टनांचा ट्रक एकमेकांशेजारून धावू लागले, म्हणजे कोणी कोणाला सांभाळावयाचे, हा प्रश्न उभा राहतो.

अपघात झाला की, "सायकलवाला मध्येच आला, दिसलाच नाही," असे उत्तर मिळते. पुष्कळदा ते खरेही असते. ट्रकचालकाची बैठक उंच आणि उजव्या बाजूस असते. त्यामुळे ट्रकच्या अगदी पुढची व डाव्या अंगाची जवळची जागा त्याला सरळ दिसत नाही. ती आरशात पाहावी लागते, आणि आरशातूनही तिचा काही भाग सुटतो. सायकलस्वार तर नियमाप्रमाणे डाव्या कडेनेच जातो. म्हणजे जो नियम पाळतो, तोच नेमका न दिसणाऱ्या जागी सापडतो! शिवाय लांब ट्रक डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत; ती आतल्या बाजूस, कडेकडे सरकतात. पुढचे चाक सुखरूप गेले म्हणून निश्चिंत झालेला सायकलस्वार अशा वेळी मागच्या चाकाखाली सापडतो. वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला शिरू नये, असे जाणती माणसे सांगतात ते यासाठीच.

परंतु ही गोष्ट शाळकरी मुलाला ठाऊक नसली, तरी परवानाधारक चालकाला ती ठाऊक असलीच पाहिजे. जेथे दिसत नाही, तेथे त्याने वेग आवरावा. ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याचा जबाबदारीतील वाटा अधिक असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नेदरलँड्स हा सायकलींचा देश. तेथे चौदा वर्षांखालील सायकलस्वाराला मोटारीची धडक बसली, तर मुलाची चूक असली तरी नुकसानभरपाईचा भार बहुधा मोटारीच्या बाजूवरच पडतो. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये वाहनाच्या मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मागता येतात.

चालकाचीही एक बाजू आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्याय संहितेत झाली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी संप पुकारला. "थांबलो तर जमाव मारील," असे त्यांचे म्हणणे होते. पुढे संहिता लागू झाली, तेव्हा ते कलम बाजूला ठेवण्यात आले. ही भीती पोकळ नाही. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. पण जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झाले, तर त्याला सूटही देतो. जमाव चालकाला मारावयास धावतो, तेव्हा जखमीजवळचा एक मदतनीस तो पळवून लावतो. मग रस्त्यावर पडलेल्याला उचलणार कोण?

जखमीला इस्पितळात पोहोचवणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. महामार्गाकाठच्या चहाच्या टपऱ्यांवर ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहून लावावयास हवी.