मातीचा वास आणि बाटलीमागचा मजकूर

मराठी समीक्षेतले काही शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की ते उच्चारल्यावर काही म्हटले गेले असे वाटतच नाही. तरीही त्यांच्या जोरावर माणसे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण होत असतात. ‘मातीचा वास’ हा त्यांतला अग्रणी. मागे एका महाविद्यालयीन काव्यस्पर्धेत मी परीक्षक होतो. रात्रपाळीच्या कॉल सेंटरवर एका मुलीने लिहिलेली कविता सहपरीक्षकांनी एका वाक्यात बाद केली: ‘भाषा बरी आहे, पण मातीशी नाळ नाही.’ मी त्या वेळी गप्प बसलो. प्रस्तुत लेख ही त्या गप्प बसण्याची उशिरा केलेली भरपाई आहे. तिच्यासाठी मला एका डोंगरावरच्या लाल वाइनकडे जावे लागणार आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

वाइनकडेच का? कारण ‘माती’ हे मूल्य वाइनच्या जगाने जितके गांभीर्याने घेतले तितके क्वचितच कुणी घेतले असेल. फ्रेंचांनी त्यासाठी ‘तेर्वार’ हा शब्दच घडवला: विशिष्ट उताराची माती, ऊन, वारा, ओलावा हे सारे पेल्यात उतरते, असा तो सिद्धांत. तेव्हा मातीच्या दाव्याची परीक्षा घ्यायची तर ती तिथेच घ्यावी.

कॅलिफोर्नियात पॅसिफिक महासागर आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर यांच्यामध्ये सांताक्रूझ पर्वतरांग आहे. सॅन अँड्रियास हा कुप्रसिद्ध भूभ्रंश तिच्यातूनच जातो. 1981 साली या रांगेला स्वतंत्र द्राक्षप्रदेश म्हणून शासकीय मान्यता मिळाली, आणि तिची सीमा मुख्यतः उंचीवरून आखली गेली: समुद्राच्या बाजूला सुमारे 400 फूट, उपसागराच्या बाजूला सुमारे 800 फूट. या रांगेवर ‘माँटे बेल्लो’ नावाचा मळा आहे. तो सुमारे 1300 फुटांपासून 2600 फुटांपर्यंत चढत जातो. खाली क्युपर्टिनो दिसते, जिथे आपली कितीतरी मराठी कुटुंबे संगणकाच्या नोकऱ्यांनिमित्त स्थिरावली आहेत. मळ्याच्या पोटात चुनखडी आहे, हवा थंड आहे, द्राक्ष सावकाश पिकते. ‘रिज’ या वाइनरीची इथली लाल वाइन मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची. ती आम्लाने ताठ आणि दीर्घायुषी असते.

हे वाचून आमचे मातीवादी मित्र सुखावतील. ‘पाहा, मातीच बोलते!’ पण जरा थांबावे. ही माती बोलती कुणी केली?

1885 मध्ये ऑसिया पेरोने या इटालियन डॉक्टरने इथे जमीन घेतली, उतारावर पायऱ्या पाडल्या आणि 1892 मध्ये पहिली वाइन केली. पुढे 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. मळा मोडकळीला आला. चाळिशीच्या दशकात विल्यम शॉर्ट या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने पेरोनेच्या जमिनीखालचा एक ओसाड मळा घेऊन त्यात कॅबर्ने लावले. 1959 मध्ये तो स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या डेव्ह बेनियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विकत घेतला. 1969 मध्ये पॉल ड्रेपर आला. त्याचे शिक्षण तत्त्वज्ञानाचे. 1986 पासून मालकी जपानी ओत्सुका कंपनीकडे आहे. द्राक्ष बोर्दोचे, पिंपांचे लाकूड बहुतांशी अमेरिकन ओकचे. आता सांगा, या वाइनची ‘नाळ’ नेमकी कुठे पुरली आहे?

मुळांचीच गोष्ट काढायची तर आणखी पुढे जाता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या सूक्ष्म किडीने फ्रान्सचे मळेच्या मळे संपवले. उपाय एकच सापडला: या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करणे. म्हणजे ‘तेर्वार’चा सर्वाधिक अभिमान बाळगणाऱ्या देशातल्या बहुतेक वेली आज परक्या मुळांवर उभ्या आहेत. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला याचे नवल वाटणार नाही. त्याची बागही बहुधा ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटावरच उभी असते, आणि म्हणून तो आपल्या द्राक्षाला परके म्हणत नाही. हे भान शेतकऱ्याला आहे. शेतकऱ्याच्या नावाने समीक्षा लिहिणाऱ्याला नाही.

तर मग माती काहीच नाही का? असे मी म्हणणार नाही. माँटे बेल्लोची चुनखडी आणि थंडी खरीच आहे. परंतु तिथे मळ्याचे तुकडे वेगवेगळे आंबवले जातात, त्यांचे नमुने नाव न पाहता चाखले जातात आणि त्यातून कोणता तुकडा ‘माँटे बेल्लो’ या नावाला पात्र ते ठरते. मळ्यात जन्मलेले प्रत्येक द्राक्ष त्या नावाचे हक्कदार नसते. माती शक्यता देते. निर्णय वाचनाने होतो.

नाव झाकून चाखणे आणि आय. ए. रिचर्ड्सने ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (1929) मध्ये कवीचे नाव काढून विद्यार्थ्यांपुढे ठेवलेल्या कविता, ही एकाच कुळातली गोष्ट आहे. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियरने भरवलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल झाकून लाल वाइन चाखल्या, आणि नापा खोऱ्यातली एक कॅलिफोर्नियन वाइन पहिली आली. मातीच्या अहंकाराला बसलेली ती चपराक होती. पण त्याच चाचणीत 1971 सालची माँटे बेल्लो पाचवी आली होती. तीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या तेव्हा ती पहिली आली. ‘माती’चा शेरा मारून कविता बाद करणाऱ्याने यातून शिकावे, तसे एका बैठकीत गुण देऊन मोकळ्या होणाऱ्या आम्हा परीक्षकांनीही शिकावे.

देशीवादाची मांडणी मी थट्टेवारी नेतो आहे, असा आक्षेप येईल. तसे नाही. भालचंद्र नेमाडे यांची भूमिका गंभीर आहे आणि तिच्याशी वाद गांभीर्यानेच घालावा लागतो. माझा राग तिच्या चलनी नाण्यावर आहे: वाचनाचे कष्ट टाळून शेरा मारण्याच्या सोयीवर. या सोयीचे बळी दोन्हीकडे आहेत. शहरातल्या मुलाला ‘मूळ नाही’ म्हणून हाकलले जाते, आणि खेड्यातल्या मुलाकडून नांगर, बैल, पाऊस यांचाच पुरवठा मागितला जातो. त्याने संगणकावर लिहिले तर तो ‘बिघडला’.

सांताक्रूझच्या डोंगरांत मार्टिन रे नावाचा एक भांडखोर वाइनकार होऊन गेला. त्या काळी बाटलीत एखाद्या द्राक्षाचा 51 टक्के अंश असला तरी त्या द्राक्षाचे नाव लावता येत असे. रे त्याविरुद्ध हिरिरीने भांडला: नाव लावायचे तर पूर्ण त्याच द्राक्षाची वाइन द्या. ‘रिज’ने 2011 च्या हंगामापासून घटकांची यादीच बाटलीवर छापायला सुरुवात केली: हाताने तोडलेली द्राक्षे, नैसर्गिक यीस्ट, घातले असल्यास कॅल्शियम कार्बोनेट, सल्फर डायऑक्साइड. ‘आमची वाइन अस्सल’ असा दावा करण्यापेक्षा तिच्यात काय आहे ते सांगणे त्यांनी पत्करले.

समीक्षेचे काम याहून वेगळे काय असते? त्या मुलीच्या कवितेत काय होते? पहाटे चारची कंपनीची गाडी, परक्या उच्चारात सांगावे लागणारे खोटे नाव, घरी परतल्यावर आईशी बोलताना क्षणभर न सापडणारा स्वतःचा आवाज. शेवटचे कडवे सैल होते, दोन प्रतिमा उसन्या होत्या. एवढे सांगितले असते तर तिला उपयोग झाला असता. आम्ही मात्र मातीची चौकशी केली, आणि कागद बाजूला ठेवला.