पॅनेलमध्ये कोणता बोर्ड बसवावा?

भोसरी, चाकण किंवा सातपूरमधल्या एखाद्या लहान वर्कशॉपच्या मालकाला आज हा प्रश्न पडतो. जुन्या मशीनवर दिवसाला किती नग निघाले, मोटर किती तापली, लाइन किती वेळ बंद होती, हे त्याला मोबाइलवर पाहायचे असते. नावाजलेल्या कंपनीचा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा नियंत्रक, घ्यावा, तर सॉफ्टवेअरचा परवाना वेगळा, नेटवर्कला जोडायचे मॉड्यूल वेगळे, आणि प्रोग्रॅममध्ये एवढासा बदल करायचा तरी बाहेरच्या माणसाची वाट पाहायची. अशा वेळी इंजिनीअरिंग शिकणारा शेजारचा मुलगा म्हणतो, "काका, रास्पबेरी पायवर करून देतो ना!"

त्या मुलाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. एकाच पाटीवर मावणारा संगणक कारखान्यांना परका कधीच नव्हता. 1976 मध्ये इंटेलने एसबीसी 80/10 हा बोर्ड काढला, तो यंत्रांत बसवण्यासाठीच. त्यावर 8080 प्रोसेसर, अवघी 1 किलोबाइट रॅम आणि यंत्राशी जोडायला 48 लाइन होत्या. 1981 मध्ये असे बोर्ड एकमेकांना जोडणारी व्हीएमई बस आली, 1992 मध्ये पीसी/104 चे मानक ठरले. पीसी/104 चे बोर्ड साधारण 90 बाय 96 मिलिमीटरचे; एकावर एक रचून स्क्रूने आवळायचे, म्हणजे मशीनच्या हादऱ्यांनी कार्ड सुटत नाही. हे बोर्ड महाग असत. मात्र त्या पैशांत तापमान सोसण्याची हमी मिळे आणि वर्षानुवर्षे तोच बोर्ड पुन्हा विकत घेता येईल, हा भरवसाही.

रास्पबेरी पायचा जन्म वेगळ्या घरातला. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून केंब्रिजमधल्या मंडळींनी तो तयार केला आणि 29 फेब्रुवारी 2012 रोजी 35 डॉलरला बाजारात आणला. कारखान्यांनी तो आपणहून उचलला. मागणी ओळखून 2014 मध्ये उपकरणांत बसवायचे कम्प्यूट मॉड्यूल निघाले आणि जर्मनीच्या कुनबस कंपनीने त्यावर रेव्होल्यूशन पाय उभा केला. तो पॅनेलमधल्या डीआयएन रेलवर बसतो आणि 24 व्होल्टवर चालतो.

शाळेतला पाय आणि हा औद्योगिक पाय यांतला फरक बारीक वाटतो, पण माझ्या मते सगळे मर्म त्यातच आहे. शाळेतल्या पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या असतात आणि आपल्या पॅनेलमधले सेन्सर 24 व्होल्टचे. मधे आयसोलेशन न ठेवता एक तार चुकली की बोर्ड गेला. दुसरे दुखणे एसडी कार्डाचे. लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते, मग वीज परत आली तरी बोर्ड चालू होत नाही. दिवसातून चार वेळा वीज जाते-येते अशा औद्योगिक वसाहतीत ही भीती खरी आहे. तिसरे दुखणे उन्हाचे. पाय 4 साठी कंपनीनेच 0 ते 50 अंश ही मर्यादा दिली आहे. मे महिन्यात बुटीबोरीत बाहेरच 45 अंश असतात, तेव्हा बंद पॅनेलच्या आत काय होत असेल याचा अंदाज कोणताही इलेक्ट्रिशियन देईल. कम्प्यूट मॉड्यूल 4 मात्र उणे 20 ते 85 अंशांपर्यंत चालते आणि किमान जानेवारी 2034 पर्यंत बनवत राहू, असे कंपनीने जाहीर केले आहे.

पुरवठ्याच्या या आश्वासनाला मी किमतीपेक्षा जास्त वजन देतो. इंटेलने एडिसन बोर्ड 2014 मध्ये आणला आणि 2017 मध्ये बंद केला. ज्यांनी त्यावर उपकरणे बेतली होती, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. 2021 नंतरच्या चिप-टंचाईत पाय बाजारात दिसेनासा झाला. असलेला माल कंपनीने आधी उद्योगांना दिला. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, हे मान्य. तरी ज्या मुलांसाठी हा बोर्ड जन्माला आला ती रांगेत मागे राहिली, याचे वाईट वाटते.

सुरक्षेचा मुद्दा पाय आणि पीएलसी दोन्हींना लागू पडतो. 2018 मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या नेटवर्कमध्ये घुसखोर शिरले, ते परवानगीविना जोडलेल्या एका रास्पबेरी पायमधून. पण पीएलसी आहे म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. 2010 मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूचे लक्ष्य सीमेन्सचे पीएलसीच होते.

मग काकांनी काय करावे? बोर्ड बंद पडला तर काय थांबेल, हे आधी पाहावे. फक्त आकडे येणे थांबणार असेल, तर मुलाला हो म्हणावे. कम्प्यूट मॉड्यूलवरचे, 24 व्होल्टचे औद्योगिक उपकरण घ्यावे, डेटा एसडी कार्डाऐवजी मॉड्यूलवरच्या ईएमएमसी मेमरीत ठेवावा, पासवर्ड बदलावा, आणि प्रोग्रॅमची एक प्रत व लेखी टिपण कपाटात असू द्यावे, कारण मुलगा उद्या नोकरीला बंगळूरला जाईल. लाइनच थांबणार असेल, तर नियंत्रण पीएलसीकडे ठेवावे आणि बोर्डाला शेजारून नुसते वाचू द्यावे. आणि जिथे कामगाराचा हात प्रेसखाली जातो तिथे किमतीचा हिशेब मांडूच नये. इमर्जन्सी स्टॉपची तार सेफ्टी रिलेवरच राहू द्या.